त्रांकीलो

शिकंज्याचा दांडा थोरल्याच्या मेहुण्याने आणखी पाव फेरा फिरवला. खलाशाच्या उजव्या हाताची दोन बोटे लोखंडी जबड्यात होती. त्यांतले एक मोडल्याचा आवाज कॉम्प्रेसरच्या घरघरीतूनही ऐकू आला. कॉम्प्रेसर किंकाळ्या दाबण्यासाठीच चालू ठेवला होता. शटर ओढलेल्या त्या गॅरेजात आज दुरुस्तीचे काम नव्हते.

खलाशी ओरडला, धापा टाकत राहिला, आणि मग मघाचाच शब्द पुन्हा म्हणाला. “त्रांकीलो.”

“परत तेच!” थोरल्याने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. “मास्तर, काय बरळतोय हा?”

मास्तर खलाशाच्या शेजारी स्टुलावर बसले होते. स्पॅनिश शिकवणे हा त्यांचा पेशा. थोरल्याचा चोरटा माल बोटीवरून उतरू लागल्यापासून दुभाष्याचे कामही त्यांच्याकडे आले होते. कामाची पद्धत थोरल्याने पहिल्याच दिवशी घालून दिली होती. ‘तो म्हणतो’, ‘त्याचं म्हणणं आहे’ असली शेपटे लावायची नाहीत. समोरचा जे बोलेल ते त्याच्याच तोंडून आल्यासारखे सांगायचे. वेळ वाया गेलेला थोरल्याला खपत नसे.

“साधं विशेषण आहे,” मास्तर म्हणाले. “त्रांकीलो म्हणजे शांत. लाटा नसल्या की समुद्र त्रांकीलो.”

“इथे कुठे आलाय समुद्र?”

“माणसालाही लावतात. कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा शेजारी, तो त्रांकीलो. रांगेत कुणी घुसाघुशी करू लागला, तर त्यालाही म्हणतात. म्हणजे, जरा दमानं घ्या.”

मेहुणा खदखदून हसला. “दाजी, मास्तरांनी तास सुरू केला. फळा आणून देऊ का?”

“तू दांडा धर. तोंड नको चालवू.” थोरला खलाशासमोर उकिडवा बसला. रडून त्याचे डोळे सुजले होते. धाकट्या भावाला अग्नी देऊन तो थेट इथे आला होता. “धाडीत माझा धाकटा गेला, मास्तर. पाठीत गोळी लागली त्याच्या. माल कुठे उतरणार, हे आम्ही घरचे आणि तुम्ही सोडून ह्या एकट्यालाच ठाऊक होतं. पोलिसांना बातमी देणारा आज जिवंत राहणार नाही. सांगा त्याला.”

मास्तरांनी सांगितले. बोलताना त्यांचा आवाज दोनदा अडकला. खलाशाने मान वळवली, रक्ताने भरलेले तोंड मास्तरांच्या दिशेने उघडले आणि सावकाश म्हणाला, “त्रांकीलो, त्रांकीलो.”

दांडा फिरला. दुसरे बोट गेले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

“मला धमकावतोय का?”

“तसाही वापर आहे,” मास्तर घाईने म्हणाले. ते बोलत असेपर्यंत दांडा फिरत नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आले होते. “हात उगारणाऱ्याला म्हटलं, तर ती ताकीद. पण सुई टोचण्याआधी नर्ससुद्धा हेच म्हणते. हातून बशी फुटली की आई मुलाला हेच म्हणते, असू दे, काही झालं नाही. आणि ज्याच्या मनाला टोचणी नाही, तो...” ते थांबले. “तो त्रांकीलो झोपतो.”

“म्हणजे नेमकं कुणाला म्हणायचं हे?”

“जो घाबरलेला असेल त्याला.”

“मग इथे घाबरलंय कोण? मी?” थोरल्याने कमरेचे पिस्तूल काढून खलाशाच्या कपाळाला लावले. “बास झाली शिकवणी. शेवटचं विचारा. बातमी कुणी दिली? बोलला, तर एका गोळीत सुटेल. नाहीतर मेहुणा दुसरा हात घेईल.”

मेहुण्याने शिकंजा सैल करून डावा हात ओढलाही.

मास्तर उठले आणि खलाशाच्या कानाशी वाकले. कॉम्प्रेसरच्या आवाजात त्यांचे शब्द कुणाला ऐकू आले नाहीत. खलाशाने जोरजोराने मान हलवली, नाही, नाही, आणि काहीतरी पुटपुटला. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग ते ताठ उभे राहिले, थोरल्याकडे वळले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले,

“मी दिली. पोलिसांना बातमी मी दिली.”

गोळी सुटली. खलाशी खुर्चीसकट मागे कोसळला. मास्तरांचे पुढचे वाक्य घशातच राहिले.

“कबूल झाला एकदाचा,” मेहुणा कॉम्प्रेसर बंद करत म्हणाला. “आधीच बोलला असता, तर बोटं तरी शाबूत घेऊन गेला असता.”

थोरल्याने पिस्तूल खाली केले आणि मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. “तुमच्यामुळे धाकट्याला न्याय मिळाला, मास्तर.”

तो शेवटचा प्रश्न मास्तरांनी खलाशाला विचारलाच नव्हता.