पुढच्या काचेचा पडदा
वीस वर्षांत शैलजाबाई एकही रात्र घराबाहेर राहिल्या नव्हत्या. रात्री देव्हाऱ्याचा पडदा ओढून बाळकृष्णाला निजवायचं आणि पहाटे तो उघडून उठवायचं, हा त्यांचा नेम. यजमानांनी मात्र आयटीतली नोकरी संपताच हडपसरच्या सोसायटीत जुन्या व्हॅनचं फिरतं घर केलं. बुधवार पेठेतून मोटर आणून पुढच्या काचेला बटणावर चालणारा पडदाही स्वतःच बसवला. “अहो, देवाला तिथं झोप तरी लागेल का?” “बसव त्याला. सीटबेल्टची सक्ती नाही.” शैलजाबाईंनी नाखुशीनंच मूर्ती डॅशबोर्डवर ठेवली. यजमानांनी बटण दाबलं. पडदा घरघरत उतरला, तो मूर्तीच्या अलीकडून. देव पलीकडे कोंडला गेला. “चुकलंच! वीतभर मागे बसवला. काढतो,” म्हणत त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. शैलजाबाईंनी मिटलेल्या पडद्याला हात जोडले. “राहू द्या, निजलाय तो. उघडायचं बटण कुठलं, सांगा. पहाटे मला लागेल.”