गोधडीतली मरीआई

"मधली बाई तेवढी कापून दे, अक्का," दौलत मालनपुढे कात्री धरत म्हणाला. "बाकी गोधडी खुशाल पांघर."

गोधडी गॅलरीच्या दोरीवर वाळत होती. मालनच्या आईने शिवलेली. मधोमध लाल खणाची मरीआई होती, अगदी ठसठशीत.

परळच्या त्या चाळीत महिन्यामागेच सगळ्यांनी बुद्धाचा धम्म घेतला होता. आज दौलत आणि चाळीतली पोरं पाटी घेऊन खोल्याखोल्यांतले जुने देव गोळा करत होती, समुद्रात सोडायला. मालनने आपला देव्हारा सगळ्यांच्या आधी रिकामा केला. पितळेचे देव तिने आपल्या हाताने पाटीत टाकले. शेजारच्या रमाबाईने डोळ्यांना पदर लावला, तर तिलाच हिने चार शब्द सुनावले. मालन काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. म्हणून तर दौलतला नवल वाटत होतं.

"देव टाकले म्हनतेस, अन् देवी पांघरून झोपतेस?" तो हसला. चाळीतलाच, तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला पोरगा, जीभ सैल सुटायचीच.

खरं सांगायचं तर क्षणभर मालनलाही त्याचं पटलं. तिने गोधडी काढून खाली अंथरली, कात्री हातात घेतली, टोक देवीच्या पदराशी नेलं. आणि थांबली. देवीच्या पायाशी एक बाई हात जोडून बसली होती. देवी गेली, तर ती बाई कुणापुढे बसली होती हे पुढे कुणाला कळणार?

तिने कात्री खाली ठेवली.

"बस हितं. अन् हात लांब ठेव, गेरू लागंल."

काल दिवसभर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' रंगवून भिंतींबरोबर त्याची बोटंही लाल झाली होती. त्याने ती मांडीखाली दाबली.

"आईला अक्षर येत नव्हतं. तिनं हे असं लिवलंय. ही गावची इहीर. ही लांब उभी हाय ना, कुनी पानी वाढंल म्हनून? ती आई. ही कॉटन ग्रीनची वखार, हितं कापूस निवडायची. अन् हे पाळने. ह्यात मी. बाकीचे रिकामे ऱ्हायले." बोलता बोलता मालनचा आवाज चढत गेला. आईचा एवढा अभिमान तिला आजवर कधी वाटला नव्हता.

दौलतने मान खाजवली. "बरं, निदान उलटी तरी वाळत घाल. येनारे-जानारे बघत्यात."

"उलट्या बाजूला नुसत्या गाठी हायत. आईनं जलम सुलट्या बाजूनं शिवलाय."

तो गोधडीवर वाकला. विहिरीवरच्या बायांना, वखारीच्या दारातल्या कुत्र्यालासुद्धा काळ्या धाग्याचे डोळे होते. मरीआईच्या तोंडावर मात्र कोरा खण.

"हिचे डोळे ऱ्हायले काय गं?"

"ऱ्हायले न्हाईत. मी बी इचारलं होतं ल्हानपनी." मालनने त्या कोऱ्या जागेवर तळवा ठेवला. "आई म्हनाली, एकेका लेकरासाठी हिच्या म्होरं बसले. हिनं एकदा तरी माज्याकडं बघितलं का?"

दौलत उठला, हात धोतराला खसखसून पुसले, गोधडी उचलली आणि दोरीवर टाकली. सुलटी. चारी टोकं ओढून सारखी केली.

पाटी डोक्यावर घेऊन तो गॅलरीत पुढे गेला आणि मागून येणाऱ्या पोरांना ओरडून म्हणाला, "ह्या खोलीत आता देव न्हाई. चला म्होरं."