दहीभातातल्या कॅप्सूल

नीलकंठराव गाल फुगवून श्वासाच्या टेस्टसाठी पिशवीत फुंकर मारत होते आणि प्रतिमाताईंना त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

नेपियर टाउनच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, टेस्टच्या आधी दोन आठवडे ॲसिडिटीची कॅप्सूल बंद. नाहीतर पोटातला जंतू दबून राहतो, श्वासात सापडत नाही. मग प्रतिमाताईंना बाजूला घेऊन त्या हळूच म्हणाल्या होत्या, जंतू निघाला तर बरंच, औषधाने जाईल. नाही निघाला तर दुर्बीण घालून गाठ शोधावी लागेल. नीलकंठरावांचे थोरले भाऊ अच्युतराव पोटाच्या गाठीनेच गेले होते.

पण कॅप्सूल बंद झाल्यावर तिसऱ्याच दिवशी नवऱ्याचं विव्हळणं प्रतिमाताईंना सहन होईना. डबीतली एक कॅप्सूल उघडून आतले पांढरे दाणे त्यांनी दहीभातात कालवले. मग रोजच. कळ काही थांबेना, तरी आज नाही तर उद्या गुण येईल म्हणून त्या देत राहिल्या. अनारशांसाठी आणलेली खसखशीची पुडी अर्धी झालेली दिसली, तेव्हा उंदरांना दोष देऊन मोकळ्या झाल्या. त्यांचं लक्ष होतंच कुठे?

रिपोर्ट आला. जंतू नाही.

मदन महल वस्तीतल्या आपल्या घरात नीलकंठरावांनी लगेच जिलेबी मागवली. प्रतिमाताईंना घास उतरेना. भल्या माणसाला आपण फसवलं, याची त्यांना मनापासून लाज वाटत होती. पण त्या लाजेतच त्यांना मोठा आधारही होता. आपण चुकलो म्हणूनच रिपोर्ट असा आला. जंतू आहे, गाठबिठ काही नाही.

शेवटी त्यांनी सगळं कबूल केलं. "रिपोर्ट खोटा आहे, अहो. मी रोज तुम्हाला दहीभातातून कॅप्सूल देत होते. आपण टेस्ट पुन्हा करू."

नीलकंठराव रागावले नाहीत. फॅक्टरीत त्यांनी पस्तीस वर्षं माल तपासण्याचं काम केलं होतं, आणि तपासणीच्या बाबतीत त्यांचा कुणावरच भरवसा नसे.

"तुझा जीव किती हळवा, मला माहीत नाही का?" ते हसून म्हणाले. "डॉक्टरकडून आलो ना, त्याच दिवशी सगळ्या कॅप्सूल रिकाम्या करून त्यात खसखस भरून ठेवली मी. आता काहून रडून राहिलीस? रिपोर्ट एकदम पक्का आहे."