परसातली दीर्घिका

वडील काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे होते आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. पुसले गेलेले फोटो काहीही करून परत मिळायला हवेत. शेजारी उभ्या असलेल्या मुलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईला जाऊन महिनाही उलटला नव्हता. तिचा एखादा फोटो मोठा करून भिंतीवर लावू असं मुलगी म्हणाली, तेव्हा "बघू नंतर" म्हणून यांनी विषय टाळला होता. आणि आभाळातल्या दीर्घिकांसाठी मात्र जीव टांगणीला लागलेला.

परसात दुर्बीण मांडून दूरच्या दीर्घिकांचे फोटो काढायचे, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं वेड. शहरातल्या दिव्यांनी आभाळ पार पिवळट झालेलं. त्यातून एक पुसट ठिपका उमटवायचा, तर कॅमेरा कितीतरी वेळ उघडा ठेवून ढीगभर फोटो काढावे लागत आणि मग ते एकावर एक रचावे लागत. त्यात मध्येच आई स्वयंपाकघराचं दार उघडायची. आतला उजेड दुर्बिणीवर पडला की तो फोटो पांढराफटक.

"दार लाव आधी!" वडील खेकसायचे. आई हातातलं तिथेच पायरीवर ठेवून मुकाट्यानं आत जायची. वाया गेलेला फोटो ते तिच्यादेखत पुसून टाकायचे. हे बघतच मुलगी लहानाची मोठी झाली होती, आणि यातलं काहीच ती विसरली नव्हती.

आज एवढं काम झालं की त्यांना घरी सोडायचं आणि पुन्हा तिकडे फिरकायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. आईच नाही, तर जायचं कोणासाठी?

दुरुस्तीवाल्यानं बऱ्याच वेळानं मान वर केली. चेहरा ओशाळलेला.

"काका, पुसलेलं सगळं मिळालं. पण तुमची धावपळ फुकट गेली बघा. यात एकही दीर्घिका नाही, नुसता उजेड आहे. चांगले फोटो कॉम्प्युटरवर जसेच्या तसे आहेत. ते कधी गेलेच नव्हते."

मुलीचं डोकंच फिरलं. एवढ्यासाठी सकाळपासून ताटकळत ठेवलं होतं. तिनं पर्स उचलली.

"चला बाबा. झालं ना समाधान?"

वडील हलले नाहीत. त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि स्टूल पुढे ओढलं. पडद्यावर कोऱ्या पांढऱ्या चौकोनांची रांग होती. त्यांनी पहिल्यावर बोट ठेवलं.

"हा ती चहा घेऊन आली तेव्हाचा," ते म्हणाले. "हा शाल घेऊन आली तेव्हाचा. आणि हा... तेव्हा हातात काही नव्हतं. नुसतीच दारात उभी राहिली होती."