टायरवरची लाथ

"अब्बा, रेषेपलीकडेच थांबा हं!" जीपमधून उतरत नसीम म्हणाली. "सोमवारपासून पुण्यात नोकरी. म्हटलं, आधी तुम्हाला भेटून सांगावं."

इस्माईलचा चेहरा उजळला. भंगार टायरांच्या डोंगरावर सोडलेले रबरखाऊ जंतू कामगारांच्या कातडीत मुरले, तेव्हापासून दोन वर्षं तो कुंपणाआड होता. डोंगराची आता नुसती काजळी आणि तारांची वेटोळी उरली होती. तो बाहेर पडला असता, तर रस्त्यावरची चाकंही तशीच संपली असती.

जीप कुंपणाच्या उघड्या फाटकातल्या चुन्याच्या रेषेला खेटून उभी होती. तीस वर्षं पंक्चर काढलेल्या इस्माईलने बोलता बोलता मागच्या टायरवर अनवाणी लाथ हाणली.

"हवा कमी आहे गं."

टायर मेणासारखा खचला. रखवालदार धावत आला आणि नसीमच्या पाठीमागे चुन्याची नवी रेषा ओढू लागला.