पवनचं पत्र

“शेवट कुठाय?” सुहास सरांनी चैतालीची वही मिटली.

“अजून घडला नाही, सर.”

“मग घडेपर्यंत थांब. पण महिनाअखेरच्या रविवारी वाचन आहे. बाहेरच्या परीक्षक येणार आहेत.” सर दुसऱ्या गठ्ठ्याकडे वळले. तो रविवारच्या तुकडीचा होता; नोकरी सांभाळून किंवा निवृत्त होऊन एम.ए. करणाऱ्यांचा.

लोणावळ्याच्या कॉलेजात, सर्जनशील लेखनाच्या एम.ए.त चैताली अनुभवकथेच्या पेपरात दोनदा नापास झाली होती. शेरा दोन्ही वेळा एकच: ‘रचलेले वाटते.’ तिसऱ्यांदा नापास झाली तर नाव कमी होणार होतं. घरी तिनं पास झाल्याचं सांगून टाकलं होतं. वडील शिरगावच्या मंदिरात जाऊन साईबाबांपुढे नारळही फोडून आले होते. फुटलेला नारळ काही सांधता येत नाही; पास होणंच त्यातल्या त्यात सोपं होतं.

या पेपरला हमीपत्र जोडावं लागे. ‘यातील काहीही मी रचलेले अगर घडवून आणलेले नाही.’ खाली सही.

म्हणून ती दर शनिवारी लोणावळ्याहून तिकोणा पेठेला जात होती. तिथं किल्ल्याच्या पायथ्याशी, घराच्या ओट्यावर तिला झुंबरबाई भेटल्या होत्या. पासष्टीच्या, एकट्या राहणाऱ्या. पहिल्याच दिवशी चैतालीनं विचारलं होतं,

“मावशी, तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख कोणतं?”

“गुडघं.”

“तसं नाही. माणसाचं. कुणी सोडून गेलेलं?”

झुंबरबाईंनी तिच्या उघड्या वहीकडं पाहिलं. मग समोरच्या पवना धरणाच्या पाण्याकडं.

“हाय की. ल्योक. पवन त्याचं नाव. ईस वर्सं झाली, गेला त्यो गेलाच.”

चैतालीचं पेन धावू लागलं.

“तुम्हाला लिहिता-वाचता येत नसेल ना?”

“तुला काय वाटतं?”

चैतालीनं लिहिलं: निरक्षर. मग तिनं त्यांच्या बोटावरच्या निळसर डागाबद्दल विचारलं.

“करवंदाचा,” झुंबरबाई म्हणाल्या.

डिसेंबर होता. चैतालीनं करवंदही लिहून घेतलं.

पाच शनिवारांत जमा झालं ते असं: चहा अकरा कप, हुंदके दोन, पवनचा लहानपणचा ताप एक, जाताना त्याच्या अंगात असलेला सदरा एक. सदरा आधी हिरवा होता, नंतर पिवळा झाला. चैतालीनं दोन्ही रंग लिहून ठेवले. शेवट मात्र शून्य.

“उद्या येऊ का, मावशी?”

“आयतवारी नगं, बाय. आयतवारी मी लोणावळ्याला जाती, गुडघ्याच्या डाक्टरकडं.”

महिनाअखेर जवळ आली. एका मंगळवारी चैतालीनं डाव्या हातानं पत्र लिहिलं. ‘आई, शनिवारी दुपारच्या एसटीने येतो. तुझा पवन.’ ते तिनं लोणावळ्यातच पेटीत टाकलं. टाकल्याबरोबर काढून घ्यावंसं वाटलं. पेटीत कोपरापर्यंत हात जात नाही, हे तेव्हा कळलं.

शनिवारी सकाळी झुंबरबाईंनी पाकीट तिच्या हातात ठेवलं. “वाच, बाय.”

चैतालीनं वाचलं. आवाज कापला. तेवढा मात्र रचलेला नव्हता.

“एवढंच?” झुंबरबाई म्हणाल्या. “ईस वर्सांनी लिवतोय, आन् आईच्या गुडघ्याचं सुदिक इचारंना? लगीन झालं का, काय खातो, कायच न्हाई. लय कोरडं लिवलंय.”

“पुरुषमाणसं असंच लिहितात, मावशी.”

“व्हय? आसंल.”

त्यांनी तांदळाच्या भाकरी केल्या, धरणातल्या माशांचं कालवण केलं, डबा भरला. बारापासून दोघी थांब्यावर उभ्या राहिल्या. दीडला एसटी आली. तीन माणसं उतरली आणि एक कोंबडी. एसटी गेली. धूळ खाली बसली, तरी झुंबरबाई उभ्याच होत्या.

“मावशी,” चैताली म्हणाली, “ते पत्र...”

“बोल की.” झुंबरबाई थेट तिच्याकडं बघत थांबल्या.

“...चुकली असेल त्याची गाडी. येईल तो.”

झुंबरबाईंनी मान हलवली. थांब्याच्या कट्ट्यावर बसून डबा उघडला आणि तिच्यापुढं सरकवला. “जेव. तू बी कुणाची तरी लेक हायेस.”

चैताली रडत जेवली. परतीच्या एसटीत बसल्याबरोबर तिनं ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं. शेवट मिळाला होता.

वाचनाच्या रविवारी ती पहिल्या रांगेत बसली. मांडीवर कथा, कथेवर सही केलेलं हमीपत्र. परीक्षक माधवीबाई पेनाचं टोपण काढून तयार होत्या.

“आधी रविवारच्या तुकडीतल्या एका बाईंचं वाचन,” सुहास सर म्हणाले. “त्यांना परतीची एसटी गाठायचीय. मग चैताली.”

दारातून झुंबरबाई आत आल्या. इस्त्री केलेलं पांढरं पातळ, खांद्याला पिशवी.

चैताली उठलीच. हमीपत्र खाली पडलं. “मावशी, तुम्ही इथं? डॉक्टरकडे...”

“बस, बाय,” त्या हळूच म्हणाल्या आणि पुढं टेबलापाशी गेल्या.

त्यांनी पिशवीतून चष्मा काढला. फाइल उघडली. पहिल्याच पानाला एक पाकीट टाचलेलं होतं, लोणावळ्याच्या शिक्क्याचं. घसा साफ करून त्यांनी स्वच्छ, ठाशीव आवाजात वाचायला सुरुवात केली:

“मला मुलगा कधीच नव्हता. पण दर शनिवारी येणाऱ्या त्या मुलीला तो फार हवा होता, म्हणून मी धरणाकडे पाहिलं आणि त्याचं नाव पवन ठेवलं.”