गव्हाणीतल्या काड्या

नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या रविवारी काचीगुड्याहून सासू-सुना चर्चमध्ये मिस्साला आल्या. वेदीजवळ रिकामी गव्हाण होती. मन मारून केलेल्या प्रत्येक चांगल्या कामाची एक काडी तिच्यात टाकायची, म्हणजे नाताळला बाळ येशूला मऊ अंथरूण मिळतं. मोनिकानं वृद्धाश्रमात केळी वाटल्याची काडी टाकली. सासूबाईंनी मात्र मूठभर काड्या टाकल्या. मोनिका हसली, "आत्याबाई, हल्लू, जरा दमानं! एवढी पुण्यं कधी केली?" म्हातारी काड्या पसरत म्हणाली, "तू टाकून बोललीस अन् मी गप्प बसले, त्या एकेका वेळेची एकेक. मला टोचलं माय, पण लेकराला मऊ लागंल." मागच्या बायका खुदकन हसल्या. लाजेनं मोनिकाचे कान तापले. 'घरचं चव्हाट्यावर आणता?' तिच्या ओठांवर आलं. पण गव्हाणीतला ढीग बघून तिनं ते गिळलं. सासूबाईंनी पदराला चिकटलेली काडी सोडवली, तिच्या हातात ठेवली. "घे, ही तुझी."